पित्त म्हणाल्या, तेव्हा तू काय ऐकलंस?

दार लाव आणि समोर उभा राहा. हा केस पेपर तुझ्याच हातचा आहे ना? मोठ्याने वाच. 'जुलाब, चार वर्षं. आयबीएस. पँटोप्राझोल. लोपेरामाइड. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, पाच दिवस. ताण कमी करणे.' खाली तुझी सही. मागच्या दोन भेटींतही हीच औषधं आणि हीच सही.

आता सांग, बाईंच्या पोटावर हात ठेवला होतास? ठेवला असतास तर बेंबीच्या वरपासून खालपर्यंत गेलेला जुना व्रण तुलाही दिसला असता. मी त्याबद्दल विचारलं, तर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज कार्ड काढून दिलं. चार वर्षांपूर्वी आतड्याचा टीबी, आतडं तुंबलं, ऑपरेशन झालं आणि लहान आतड्याचा शेवटचा दोन फूट भाग काढला. तीनही वेळा ते कार्ड त्यांच्याजवळ होतं. तू मागितलं नाहीस, म्हणून त्यांनी दाखवलं नाही.

'पित्त झालंय' म्हणाल्या आणि तू पँटोप्राझोल लिहून मोकळा झालास. अरे, आपल्याकडे छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं धरलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. पेशंट हा शब्द उच्चारतो, तिथून तुझं काम सुरू होतं. यांची जळजळ छातीत नव्हती, शौचाच्या जागी होती. जेवण झालं की अर्ध्या तासात धावावं लागतं. रात्री दोनदा उठतात. एसटीचा प्रवास असला की आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहतात. आयबीएसचा पेशंट जुलाबासाठी सहसा झोपेतून उठत नाही, हे तू परीक्षेत लिहून पास झालास. मग पेशंट समोर बसल्यावर ते गेलं कुठे?

खऱ्या पित्तातलं बाइल ॲसिड मेद पचवतं, एवढ्या एका ओळीवर तू थांबलायस. पुढचं नीट ऐक. शरीरात ते सगळं मिळून दोन-चार ग्रॅमच असतं. यकृत ते कोलेस्टेरॉलपासून बनवतं आणि आतडं त्याचा ९५ टक्के भाग परत शोषून यकृताकडे धाडतं. दिवसाकाठी अशा कित्येक फेऱ्या होतात. हे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात होतं. तिथल्या पेशींत एफएक्सआर नावाचा रिसेप्टर आहे. बाइल ॲसिड त्याला जाऊन बिलगतं, हे १९९९ साली तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं. तो जागा झाला की पेशी एफजीएफ-१९ हे प्रथिन रक्तात सोडतात. ही यकृताला दिलेली पोचपावती: माल पोचला, आता हात आखडता घे.

या बाईंचा पावती देणारा भागच कापला गेलाय. शोषण कमी आणि पावतीही कमी. म्हणून यकृत बनवतच राहतं आणि न शोषलेलं बाइल ॲसिड मोठ्या आतड्यात उतरतं. तिथलं अस्तर क्षार आणि पाणी सोडतं, आतड्याची हालचाल वाढते आणि माणूस धावत सुटतो. या बाईंच्या मनात काही बिघडलेलं नाही. चार वर्षं त्या स्वतःला घाबरट समजत आल्या आणि तू त्यावर शिक्का मारलास. जुलाबाच्या आयबीएसचं लेबल लागलेल्यांत साधारण चौथा हिस्सा बाइल ॲसिडच्या जुलाबांचा निघतो. म्हणजे हे दुर्मीळ दुखणं आहे, अशी सबब माझ्यापुढे सांगू नकोस.

आणि तीन वेळा अँटिबायोटिक कशासाठी? ताप नव्हता, रक्त पडत नव्हतं. मोठ्या आतड्यातले काही जिवाणू यकृताकडून आलेल्या बाइल ॲसिडचं रूप बदलतात. क्लोस्ट्रिडियम सिंडेन्स हा त्यांतलाच एक. हे बदललेलं रूप क्लोस्ट्रिडिओइडिस डिफिसिलची वाढ रोखून धरतं, आणि मूळ रूपातलं टॉरोकोलेट त्याच जंतूचे बीजाणू जागे करतं. तू उगाच अँटिबायोटिक लिहितोस तेव्हा राखणदार मारतोस आणि दार उघडं टाकतोस.

आता धावत जाऊन सगळ्यांना बाइल ॲसिड बांधून ठेवणारं कोलेस्टायरामीन लिहू नकोस. आतडं किती काढलं ते आधी बघायचं. एक मीटरहून जास्त गेलं असेल, तर यकृत कितीही राबलं तरी तूट भरत नाही. मेद पचत नाही, मळ तेलकट होतो, आणि तिथे हेच औषध नुकसान वाढवतं. यांचं दोन फूट गेलंय, यांना उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. पूड पाण्यात नीट कालवून घ्यायची, आणि बाकीची औषधं तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी. हे तोंडी सांगायचं आणि त्यांच्याकडून परत म्हणून घ्यायचं.

पायाला मुंग्या येतात, हेही त्यांनी तुला सांगितलं होतं. तू ते लिहूनसुद्धा घेतलं नाहीस. बी-१२ शोषण्याची जागा कुठली? तीच, कापून टाकलेली. साठा संपायला काही वर्षं लागतात, आणि ऑपरेशनला चार वर्षं झाली. दोन्ही तक्रारींचं बोट एकाच जागेकडे होतं आणि तुझी नजर कागदावर होती. आजच्या आज बी-१२ तपासायला पाठव.

बाई बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांच्या शेजारी जाऊन बस, उभ्याने बोलू नकोस. माझी चूक झाली, असं स्पष्ट म्हण. आजार मनाचा नाही, आतड्याचा आहे आणि त्यावर औषध आहे, हे त्यांच्या भाषेत सांग. मग पेपरवरचं आयबीएस खोडून तिथे सही कर.

आणि आधी त्यांना काहीतरी खायला दे. एसटीने आल्यात, म्हणजे कालपासून पोटात काही नसेल. संडास कुठे आहे तेही दाखवून ठेव, म्हणजे निर्धास्तपणे खातील.