पाण्याचा कस

पाडव्याला गुंजभर सोने घ्यावे म्हणून आपण सराफाच्या पेढीवर जातो. जुन्या पद्धतीचा सराफ असला तर तो दागिना काळ्या दगडावर घासतो, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतो आणि कस सांगतो. आता त्यासाठी यंत्रे आली आहेत. पण ‘कसोटी’ हा शब्द मराठीने त्या दगडावरून घेतला तो घेतलाच, आणि पुढे माणसाच्या शीलालाही लावला. सोने सकाळी बावनकशी असले तर संध्याकाळीही बावनकशीच असते. दोन सराफांनी दोन कस सांगितले, तर त्यांतला एक चुकला असे आपण निःशंकपणे म्हणतो. यामुळे जे खरे ते नेहमी एकसारखे, आणि जे एकसारखे ते खरे, अशी एक समजूत आपल्या मनात मुरून बसली आहे. तिचा पहिला अर्धा भाग सोन्यापुरता ठीक आहे. दुसऱ्या अर्ध्याविषयी मला बोलावयाचे आहे, आणि तेही पाण्याच्या निमित्ताने.

अर्धापूर हा केळीचा मुलूख. पाणी म्हटले की आमच्याकडे इसापूरच्या कालव्याला आवर्तन कधी सुटणार याचीच चर्चा. पिण्याच्या पाण्याविषयी बोलणारा माणूस विरळा. ते काम ज्याच्या गळ्यात पडलेले असते तो पाणी सोडणारा माणूस. पहाटे उठावे, टीसीएलची पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळ टाकीत ओतावी, अर्धा तास थांबावे, मग पाणी सोडावे. त्यानंतर नळाचे पाणी काचेच्या लहान नळीत धरून त्यात ओ.टी.चे थेंब टाकावयाचे. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो. तो शेजारच्या रंगपट्टीशी ताडून आकडा वहीत मांडावयाचा. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते.

जवळच्याच एका गावी अशी एक वही माझ्या पाहण्यात आली. महिनाभर रोज एकच आकडा, ०.५. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही. ज्याला सारे गाव मामा म्हणते, त्या पाणी सोडणाऱ्याला मी विचारले, “मामा, तीस दिवस एकच आकडा कसा?”

तो म्हणाला, “गुरुजी, आकडा बदलला की विचारायला माणूस येतंय. सारखा ठेवला की कुणी येत न्हाई बघा.” आणि जरा थांबून, “आधी खरंच बघत व्हतो. एकाच नळाचं पाणी दोनदा बघितलं तर दोन रंग. मग म्हणलं, ही बाटलीच खोटी.”

या उत्तराने मी बराच वेळ गप्प झालो. हा माणूस आळशी नव्हता. त्याने खरेपणाने पाहिले होते, आणि पाहिलेले एकमेकांशी जुळले नाही म्हणून पाहण्यावरचाच त्याचा विश्वास उडाला होता. खोटेपणाचा उगम आपण लोभात किंवा भीतीत शोधतो. भीती इथेही होतीच. पण तिच्या आधी पायरी चढून आली होती ती निराशा.

रसायनशास्त्र मी मॅट्रिकपुरतेच शिकलो; तरी दोन रंग का येतात हे समजून घेणे फारसे अवघड गेले नाही. ओ.टी. टाकताच काही सेकंदांत जो पिवळा दिसतो तो मोकळ्या क्लोरीनचा. नळी तशीच हातात धरून कोणाशी चार गोष्टी बोलत बसलात, तर घाणीशी बांधला गेलेला क्लोरीनही हळूहळू रंग देऊ लागतो आणि पिवळा गडद होतो. म्हणजे पाणी तेच, थेंब तेच, गप्पा तेवढ्या वाढल्या! नळी उन्हात ठेवली तर उन्हाने क्लोरीन उडतो. नळी त्याच पाण्याने विसळली नाही तर कालचा अंश आज बोलतो. पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग ओळखूच येत नाही. पाठीमागे पांढरा कागद धरून दिवसाच्या उजेडात पाहावे लागते. बाटली खिडकीत राहिली तर औषधाचाच दम जातो. टीसीएलचेही तसेच. ताजी असता तिच्यात शेकडा तेहतिसांच्या आसपास कामाचा क्लोरीन असतो. आमच्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पोते उघडे ठेवा, पावडर पांढरीच राहते आणि आतला क्लोरीन निघून जातो. (जाता जाता सांगतो, तपासलेले पाणी फेकून द्यावे, ते औषध पोटात जाण्याजोगे नाही.)

शहरांतल्या पोहण्याच्या तलावांवर आता बहुधा गुलाबी रंगाची परीक्षा असते. १९५७ साली पॅलिन या इंग्रज रसायनज्ञाने ती मांडली. तिची एक खोड फार बोलकी आहे. क्लोरीन बेसुमार झाला तर तो गुलाबी रंगालाच विरंजून टाकतो, आणि अतिशय जास्त आहे तिथे काहीच नाही असे दिसते. भाबडा माणूस मग आणखी टाकतो! जाणता माणूस तेच पाणी क्लोरीन नसलेल्या स्वच्छ पाण्यात पातळ करून पुन्हा तपासतो.

परंतु हे सारे सांभाळले, तरी आकडे एकसारखे येतील काय? मुळीच नाही. कारण पाणी सोने नव्हे. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी टाकीत आले की घाण क्लोरीन खाऊन टाकते. टाकीजवळच्या घरी ०.५ असेल तर गावाच्या टोकाला ०.२ असेल, कदाचित काहीच नसेल. नरकचतुर्दशीला घरोघर एकाच वेळी नळ सुटतात, तो दिवस एरवीसारखा कसा असणार? एकसारखे असावयास हवे ते आपले पाहणे: तीच वेळ, तोच उजेड, तेवढेच थेंब, तेवढेच थांबणे. हात स्थिर असला म्हणजे आकडा हलला तर तो पाण्याने हलवला असे म्हणता येते. आपण मात्र नेमके उलट करतो. हात कसाही चालू देतो आणि आकडा बांधून ठेवतो.

हा रोग केवळ खेड्यातल्या वहीचा नाही. ग्रिनिचच्या वेधशाळेत १७९६ साली किनब्रुक नावाच्या साहाय्यकाची नोकरी गेली. तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो ती वेळ तो राजज्योतिषी मॅस्केलाइनपेक्षा सुमारे पाऊण सेकंदाने उशिरा नोंदवी. वरिष्ठाशी जुळत नाही, तेव्हा चूक कनिष्ठाची! पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडल्या, आणि नामांकित ज्योतिषीही एकमेकांशी जुळत नाहीत असे दिसून आले. प्रत्येकाच्या डोळ्याला व कानाला स्वतःची अशी चाल असते. हे ज्ञान किनब्रुकला मिळाले नाही. तो १८०२ सालीच वारला होता. त्याने मॅस्केलाइनचाच आकडा उतरवून काढला असता तर नोकरी टिकली असती, आणि माणसाच्या इंद्रियांविषयीचे एक सत्य आणखी काही काळ झाकलेले राहिले असते.

आमच्या वर्गातही तेच चालते. पाणी उकळून तापमान पाहा म्हटले की मुले न पाहता १०० लिहितात. आमचा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर उंच. इथे पाणी ९९ च्याही किंचित खालीच उकळते. ज्या मुलाने नीट पाहून ९९ लिहिले त्याच्या वहीवर लाल फुली मारणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्या मुलाने त्या दिवशी उकळबिंदू शिकला नाही. वहीत काय लिहिले की सुखाने राहता येते, ते शिकला.

कोणी म्हणेल, दोन आकडे आले तर मधला घ्यावा, त्यात अप्रामाणिक काय? हिशेबाला ते शोभेल. पण सरासरी पाणी कोणी पीत नाही. टाकीजवळचा चांगले पितो, टोकाच्या वस्तीतले लेकरू बिनक्लोरीनचे पिते, आणि मधला आकडा दोघांच्याही घरी जात नाही. अतिसार झालाच तर तो कमी आकड्याच्या घरी आधी पोहोचतो. म्हणून दोन्ही आकडे लिहावेत, घर लिहावे, वेळ लिहावी.

मामाला मी हेच सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि मग विचारले, “अन शून्य आलं तर? ते लिव्हलं तर नोटीस मलाच येती की, गुरुजी.” याला नीतिशास्त्रात उत्तर आहे, पण ते देणाऱ्याला नोटीस येत नसते. शून्य लिहिणाऱ्याला जाब विचारावयाचा आणि सदा ०.५ लिहिणाऱ्याला शाबासकी द्यावयाची, ही रीत ज्यांनी पाडली त्यांत कचेरी आहे तसे गावही आहे. पाण्याला औषधाचा वास आला की भांडावयास जाणारे आपणच. शून्य ही कबुली नव्हे, हाक आहे, असे ग्रामसभेत एकाने तरी उठून म्हटल्यावाचून त्या माणसाच्या एकट्याच्या सत्यनिष्ठेवर भार टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

त्या गावच्या ग्रामसभेत तसे कोणी म्हटले की नाही, मला ठाऊक नाही. वही मात्र मी पुन्हा पाहिली. आषाढातल्या एका पानावर ०.५ च्या रांगेत एक ०.१ होते, त्याखाली त्याच दिवशीचे ०.४, आणि शेऱ्याच्या अरुंद रकान्यात, ओळ सोडून खाली उतरलेल्या अक्षरांत लिहिले होते: ‘पाणी गढूळ. पावडर परत टाकली. टोकाच्या घरी सांगून आलो.’