मागणारा हात

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो: मंडळाच्या वाचनालयासाठी वा गणेशोत्सवासाठी वर्गणी मागावी ती कोणी आणि कशी? साहेबांनी शब्द टाकला की पेटी लवकर भरते, हे खरे. परंतु जेथे नकार देण्याची सोय नाही, तेथे मागणे उरतच नाही. तो कर होतो. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यांनी सरकारी नोकरास पूर्वमंजुरीवाचून निधी गोळा करण्याची मनाई केली आहे. तिचे मर्मही आम्हांस हेच दिसते.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. देणाऱ्याचे बरेवाईट करण्याची सत्ता या गणिताच्या प्राध्यापकाजवळ नव्हती. दाखवावयास काम तेवढे होते. विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी आली ती १९२० साली, विद्यापीठ चार वर्षे चालल्यानंतर.

तेव्हा आम्ही रीतसर मंजुरी घ्यावी, झालेले काम दाखवावे, नेमकी गरज सांगावी, हिशेब द्यावा. मात्र ज्याचा कार्यमूल्यमापन अहवाल आमच्या लेखणीखाली येतो, त्याच्याकडे मुळीच मागू नये. पेटी थोडी हलकी राहील. पण तिच्यातील प्रत्येक रुपया खुशीचा असेल.