तीस सेकंदांचा हिशेब

स्पॉटिफायवर एखादे ध्वनिमुद्रण तीस सेकंद वाजले की ते ऐकले गेल्याची नोंद होते. पुढे ते तीन मिनिटे वाजो वा चाळीस, नोंद एकच. विलंबित एकतालात बडा ख्याल मांडणाऱ्या गायिकेने तिसाव्या सेकंदापर्यंत फार तर षड्ज लावलेला असतो, मुखडाही उचललेला नसतो. त्यानंतर जी बढत होते, ज्यासाठी तिने आयुष्याची वीस-वीस वर्षे घातलेली असतात, तिला या हिशेबात जागाच नाही.

गाण्यावर काळाची सक्ती नवी नाही. 1902 साली कोलकात्यात गौहरजान ध्वनिमुद्रणासाठी गायल्या तेव्हा तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत होती. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा करून दाखवला. पण तबकडी माणूस विकत घेई, आणि पूर्ण ऐकण्यासाठीच घेई. आज स्पॉटिफायवर श्रोत्यांची वर्गणी एका गल्ल्यात जमते आणि देशभरात कोण किती वेळा वाजले त्या प्रमाणात वाटली जाते. मी महिनाभर फक्त किशोरीताई आमोणकर ऐकल्या, तरी माझ्या पैशांचा मोठा भाग मी न ऐकलेल्या सिनेगीतांकडे जातो. हे मला उघड अन्यायाचे वाटते. त्यात 2024 पासून, मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या मुद्रणाला काहीच मिळत नाही. कंपनी म्हणते, या रकमा इतक्या किरकोळ की कलावंताच्या हाती पोचतच नाहीत. असतीलही, पण त्या आता जास्त वाजणाऱ्यांच्या वाट्यात जातात.

मग घर चालते कशावर? बहुतेकांचे शिकवणीवर. कोविडच्या टाळेबंदीनंतर न्यू जर्सी, लंडनचे शिष्य पुण्यातल्या गुरूकडे घरबसल्या शिकू लागले. हा आधार मोठा आहे, आणि त्याबद्दल नाक मुरडणे मला पटत नाही. मात्र तालीम म्हणजे गुरूच्या गळ्यामागे गळा नेणे. इंटरनेटवर आवाज किंचित उशिरा पोचतो. तेवढ्यानेही दोघांना एकत्र गाता येत नाही, तबल्याची साथ तर दूरच. शिवाय दिवसभर शिकवणाऱ्याला स्वतःच्या रियाजाला सकाळ उरत नाही. ऑनलाइन ठेवलेले गाणे मग शिष्य मिळवण्याची जाहिरात ठरते: गाणे फुकट, शिकवणी विकत.

दुसरी वाट आहे. साउंडक्लाउडने 2021 साली श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलावंतांनाच देण्याची पद्धत सुरू केली. बँडकॅम्पवर श्रोता अल्बम थेट विकत घेतो आणि किमतीचा बराच मोठा भाग कलावंताला मिळतो. आपल्या संगीतासाठी मला आणखी एक गोष्ट हवी आहे: नोंद किती वेळा वाजले याची नको, किती मिनिटे ऐकले याची व्हावी. मिनिटे मोजली तर रात्रभर पावसाचे आवाज वाजवणारे गल्ला लुटतील, ही शंका रास्त आहे. पण गल्ला एकत्रच नसेल, तर पाऊस ऐकत झोपणाऱ्याची वर्गणी त्या पावसाला जाईल. माझी, मी शेवटपर्यंत ऐकलेल्या मारव्याला.