थरावर थर

चैत्र सरला की जालना जिल्ह्यातल्या जुन्या गावांत एक काम निघते. जिथे अजून धाब्याची घरे उभी आहेत, तिथे माणसे माळवदावर चढतात. वर उगवलेले गवत उपटतात, उंदरांची बिळे शोधतात, पन्हाळीत अडकलेला कचरा काढतात आणि पांढरीची माती आणून पसरतात. मृग लागायच्या आत हे उरकावे लागते, कारण मृगाच्या मागोमाग दोन गोष्टी येतात, पाऊस आणि पालखी. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून निघते ती जालन्यावरूनच पंढरीला जाते. ज्याला दिंडीत चालायचे आहे त्याने आधी वर चढून छत पाहावे, ही शहाण्या घराची रीत. तो वाटेने नाम घेत चालणार, पण म्हातारी आई आणि लेकरे त्याच छताखाली निजणार असतात.

या छताच्या डागडुजीत परमार्थाचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे. माणसाच्या हातून चूक घडते. पुढे तोच माणूस दान करतो, वारी करतो, सप्ताहाला हातभार लावतो. त्या पुण्याने मागची चूक बुजते का?

उत्तराआधी दृष्टांत नीट पाहू. धाब्याचे घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा किलच्या, त्यावर पाला-पळाट्या आणि सगळ्यांवर मातीचा थर. पांढरी माती गुणाची. पावसाचे पहिले पाणी लागले की ती फुगते, तिच्या बारीक भेगा मिटतात आणि पाणी उतारावरून पन्हाळीकडे जाते. उन्हाळ्यात तिच्याखाली गारवा, थंडीत ऊब. पण दरवर्षी थोडी माती वाहून जाते, थोडी भेगाळते. म्हणून दरवर्षी नवी माती टाकायची, चोपायची आणि उतार साधायचा.

यात एक खोट आहे. छत कुठे गळते ते खालून कळत नाही. पाणी एका ठिकाणी शिरते, तुळईच्या अंगाने वाहत जाते आणि भलत्याच ठिकाणी ठिबकते. चुलीपाशी थेंब पडला म्हणून चुलीच्या वर माती टाकली तर गळती थांबत नाही, कारण भोक देवघराच्या वर असते. मग माणूस सगळीकडेच एक थर देऊन मोकळा होतो. जुनी माती खरवडणे, कुजलेली किलची बदलणे हे किचकट, वेळखाऊ काम. माती ओतणे सोपे. यंदा चार बोटे, पुढच्या साली आणखी चार बोटे. बापाचा थर, त्यावर मुलाचा, त्यावर नातवाचा. प्रत्येकाने घरच्यांच्या काळजीनेच टाकलेला.

आता या काळजीचे वजन करू. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती असेल तर ती साधारण पाच टन भरते. दोन फूट झाली की दहा टन. खाली माणसे शांत झोपलेली असतात, कारण छत गळत नाही. गळत नाही म्हणजे घर चांगले, अशी समजूत होऊन बसते.

आपल्या मराठवाड्याने या समजुतीची किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून साडेसात हजारांहून जास्त माणसे गेली. त्या भागातली बहुतेक घरे दगड-मातीची, आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेले मातीचे जड धाबे. धक्का बसताच भिंती फुटल्या आणि ते ओझे निजलेल्या माणसांवर आले. पुढे राहिलेली जुनी घरे मजबूत करण्यासाठी जे उपाय सांगितले गेले, त्यांत छतावरची जादा माती उतरवणे हा एक मुख्य उपाय होता. गेलेल्यांना कोणी दोष देऊ नये. त्यांनी लबाडी केली नव्हती, घर जपले होते. म्हणून तर हा दृष्टांत काळजाला लागतो. चांगल्या हेतूने टाकलेला थरही, खाली काय आहे ते न पाहता टाकला, तर ओझे होतो.

हे शहाणपण आपल्याच मातीचे आहे असेही नाही. आपल्यातल्या कित्येक घरांची लेकरे आज अमेरिकेत राहतात. तिथल्या पुष्कळ घरांची छपरे उतरती असतात आणि त्यांवर डांबरी पट्ट्या एकीवर एक चढवून, माशाच्या खवल्यांसारख्या बसवलेल्या असतात. वाऱ्याने एखादी पट्टी फाटली तर जाणता कारागीर तिच्यावर नुसता डांबराचा लपका मारून उतरत नाही. तो वरची पट्टी अलगद उचलतो, खिळे काढतो, फाटलेली पट्टी ओढून बाहेर घेतो, तिथे नवी सरकवतो, खिळे मारतो आणि मग डांबराने कड चिकटवतो. सबंध छप्परच जुने झाले तर एका थरावर दुसरा थर चढवता येतो, पण आधीच दोन थर असतील तर तिसरा चढवायला तिथल्या घरबांधणीच्या प्रचलित नियमावलीत मनाई आहे. आधी सगळे उतरवायचे, खालच्या फळ्या तपासायच्या आणि मग नवे घालायचे.

आपल्याकडे धाबे जाऊन पत्रे आले, पत्रे जाऊन स्लॅब आला, तरी नियम तोच. पत्र्याला खिळ्यापाशी भोक पडले आणि गंज न खरवडता वर डांबर थापले, तर ते एका पावसाळ्यात पापुद्र्यासारखे सुटते आणि खाली गंज वाढलेलाच असतो. स्लॅबची चीर रुंद करून, झाडून, धुऊन मग भरावी लागते. वरून नुसता सिमेंटचा हात फिरवला तर पाणी आतल्या लोखंडापर्यंत जातच राहते.

आता सिद्धांताकडे येऊ. समजा, एका शेतकऱ्याने भावाच्या बाजूचा बांध कोरला. एका साली एक तास, दुसऱ्या साली आणखी एक. दहा वर्षांत भावाची चांगली दोन गुंठे जमीन याच्या औताखाली आली. दोघांचे बोलणे बंद झाले. याच माणसाच्या गळ्यात माळ आहे. पालखी आली की हा दिंडीला पिठलं-भाकरीची पंगत घालतो, हात जोडून वाढतो आणि वाढताना त्याचे डोळे खरोखर भरून येतात. या पंगतीला खोटे म्हणायचे का?

म्हणता येणार नाही. ज्याच्या पोटात भाकरी गेली त्या वारकऱ्याची भूक खरी होती, ती खरीच भागली. वाढणाऱ्याचा भावही खरा. पण बांध जिथे होता तिथे आला नाही. पंगत हा वरचा थर आहे. तो जितका जाड होतो तितके खालचे दिसेनासे होते. पहिल्या वर्षी पंगत घालताना त्याला भावाची आठवण टोचत असेल. दहाव्या वर्षी टोचत नाही, कारण आता गावच म्हणते की हा मोठा दानशूर. गळती थांबली. ओझे मात्र वाढत गेले, आणि ते पडणार कोणावर? त्याच्यावर नाही. तो वारी करून, नाव कमावून, सुखाने डोळे मिटेल. त्याची मुले आणि पुतणे तारखांना कोर्टात उभी राहतील. चुलत भाऊ एकमेकांच्या मयतीलाही जाणार नाहीत. छत ज्याने रचले त्याच्यावरच पडते असे नाही. खाली जो निजलेला असतो त्याच्यावर पडते.

इथे पूर्वपक्ष उभा राहील, आणि तो वारकऱ्याच्याच मुखातून येईल. नामाने पापाच्या राशी जळतात असे संतांनी सांगितले, ते मग व्यर्थ का? व्यर्थ नाही. नाम घेणाऱ्याच्या अंतःकरणातला मळ नाम जाळते, यात शंका घेऊ नये. पण भावाची दोन गुंठे हा मनातला मळ नाही. ती त्याची जमीन आहे, सातबाऱ्यावरची. नाम आपले मन धुते, दुसऱ्याचे देणे बुडवत नाही. उलट नाम खरे लागले असेल तर ते देणे आठवून देते, रात्री झोप येऊ देत नाही, आणि सकाळी भावाच्या दारात जाण्याचे बळ देते. संत ज्याला अनुताप म्हणतात तो हाच. अनुताप म्हणजे रडणे एवढेच नव्हे. अनुताप खरवडतो.

वाल्याची कथा आपण सगळे ऐकत आलो. नारदांनी त्याला आधी जपाला बसवले नाही. आधी घरी पाठवले, विचारून ये म्हणाले, या पापात तुझा वाटेकरी कोण. तो गेला, विचारले, उत्तर ऐकले, आणि हातातले शस्त्र गळून पडले. नाम त्यानंतर आले. शस्त्र हातात ठेवून तो जपाला बसला असता तर वारूळ वाढले असते, वाल्मीकी झाला नसता.

दुसरी शंका याच्या उलट बाजूची. सगळे खालचे स्वच्छ होईपर्यंत पंगत घालू नये का, वारी करू नये का? असे म्हटले तर पंढरीची वाट ओस पडेल. निर्मळ झाल्यावर येतो म्हणणारा कधीच येत नाही. याचेही उत्तर माळवदावरच मिळते. राहत्या घराचे धाबे एका उन्हाळ्यात सगळे उतरवता येत नाही. जाणता माणूस एक खण घेतो. त्या खणाखालचे सामान आणि माणसे हलवतो, माती उतरवतो, कुजके लाकूड काढतो, नवे घालतो, पाला पसरतो आणि बेताची माती चढवतो. पुढच्या साली दुसरा खण. तोवर बाकीच्या छताखाली संसार चालू असतो. तसेच वारीला जावे, पंगतही घालावी, पण दरवर्षी निघण्यापूर्वी एक खण उघडावा. एका माणसाचे देणे, एक मोडलेला शब्द, एक बांध.

खण उघडल्यावर खाली काय निघेल त्याची भीती वाटते, म्हणून आपण माती ओततो. ही भीती कशाने जाते ते नामदेवरायांनी सांगून ठेवले आहे. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांतले एक पद चक्क छप्पर शाकारण्यावर आहे. कथा अशी सांगतात की नामदेवांच्या झोपडीला आग लागली, तेव्हा उरलेसुरले सामानही त्यांनी देवाचेच म्हणून त्या आगीत टाकले, आणि मग विठ्ठलाने स्वतः येऊन झोपडी शाकारून दिली. त्या पदात शेजारीण विचारते, हे छप्पर कोणी केले, तो सुतार मला दाखव, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेव सांगतात की तो सुतार असा देता येत नाही, तो सगळ्यांत भरून आहे. त्याला मजुरी हवी ती प्रीतीची. माणूस सगळे पाश तोडून टाकतो तेव्हा तो आपणहून येतो.

शेजारणीच्या बोलण्यात आपणच आहोत. दुप्पट मजुरी घ्या पण छप्पर करून द्या, हीच आपली बोली. चूक राहू द्या, वर दुप्पट पुण्य घ्या. देव ही बोली मान्य करत नाही, कारण त्याला मजुरीची गरज नाही. नामदेवांनी वर काही चढवले नव्हते. होते तेही सोडून दिले होते. तेव्हा कारागीर आला.

यंदाही मृग येईल. छत पाहायला वर चढाल तेव्हा नवी माती टाकण्याआधी जुनीत काठी खुपसून खोली बघा. खाली आई निजते, लेकरे निजतात. आणि पताका खांद्यावर घेण्याआधी ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्या दारात जा. त्याने दार उघडले नाही तरी जाऊन या, आणि त्याचे जे तुमच्याकडे आहे ते त्याच्या ओट्यावर ठेवून या. माळवद हलके झाले की चालणाऱ्याच्या मागे घर सुखाने झोपते.

रामकृष्ण हरी.