शंकासमाधान : चावा, क्षमा आणि भरपाई

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. शेजारचं कुटुंबही मराठी. गणपती, दिवाळी, मुलांची ने-आण, सगळं एकत्र. गेल्या शनिवारी आमचा नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे खेळायला गेला असताना त्यांचा कुत्रा त्याच्या हाताला चावला. चार टाके पडले. आम्ही दवाखान्याच्या वाटेवर असताना शेजारच्या वहिनींचा फोन आला : ‘आमच्या कुत्र्याचं सांगू नका हो, उचलून नेतील आणि मारून टाकतील.’ माझ्या नवऱ्यानं डॉक्टरांना सांगितलं, भटका कुत्रा होता. मग डॉक्टर म्हणाले, कुत्रा माहीत नाही तर रेबीजची पूर्ण इंजेक्शनं द्यावीच लागतील. दोन झाली. मुलगा विचारतो, ‘बाबा खोटं का बोलले?’ बाबांचं म्हणणं, जीव वाचवायला खोटं बोललेलं चालतं, श्रीकृष्णच सांगतो. सासूबाई व्हिडिओवर नाथमहाराजांचा दाखला देऊन म्हणतात, क्षमा कर, आपल्या माणसांशी कोर्टकचेरी नको. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, वकील गाठ. शेजारी बिलाचे पैसे रोख द्यायला तयार आहेत, पण ‘कुठं बोलू नका’ ही अट आहे. क्षमा करायची की भरपाई मागायची? आणि दावा केला तर आमचं ग्रीन कार्ड अडकेल का?
— एक आई

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच दिवशी पहिला भाग फोनवर सांगितला होता, कारण अंक छापून येईपर्यंत तिसरं इंजेक्शनही होऊन गेलं असतं. इतर वाचकांसाठी तो इथे पुन्हा देतो.

आधी ते खोटं निस्तरा. यजमानांच्या मनात आहे ती कथा कर्णपर्वातली. गांडीवाचा अपमान झाला म्हणून अर्जुन थेट युधिष्ठिरावर तलवार उपसतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. दरोडेखोरांना घाबरून काही माणसं रानात लपलेली असतात. कौशिकाला सत्य बोलण्याचा मोठा अभिमान. तो लपलेल्यांची जागा दाखवून देतो, माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. कथा खरी आहे, पण ती लागू पडायला समोर दरोडेखोर हवेत. तुमच्यासमोर होता डॉक्टर. त्याला कुत्र्याचा जीव घ्यायचा नव्हता. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की हा कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर राहील का.

त्या दहा दिवसांमागचं कारण असं. कुत्र्याच्या लाळेतून रेबीजचा विषाणू बाहेर पडत असेल, तर त्या मुदतीत तो कुत्रा आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवसांनी तो धडधाकट असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. म्हणून घरचा, निरोगी दिसणारा कुत्रा असेल तर त्याला तेवढे दिवस नजरेखाली ठेवतात, बहुतेक वेळा मालकाच्याच घरी, आणि तोवर इंजेक्शनं थांबवता येतात. कुत्रा अज्ञात असेल तर थांबायची सोय नाही. मग पहिल्या दिवशी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, आणि त्याच दिवशी, तिसऱ्या, सातव्या व चौदाव्या दिवशी लस. अमेरिकेत हा खर्च हजारो डॉलरांत जातो. वहिनींच्या कुत्र्यासाठी यजमान खोटं बोलले आणि त्या खोट्याच्या सुया मुलाच्या दंडात गेल्या. ‘जीव वाचवण्यासाठी’ म्हणताना हा हिशेब कुणी केला नाही.

मारून टाकतील ही भीतीही बरीचशी ऐकीव आहे. न्यू जर्सीत कुत्र्याच्या चाव्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला 12 तासांत आरोग्य खात्याला कळवावं लागतं. पण कळवलं म्हणजे गाडी येऊन कुत्रा घेऊन जाते असं नाही. कुत्रा कायद्यानं घातक ठरायला त्यानं कुणाचा जीव घेतलेला किंवा गंभीर इजा केलेली असावी लागते, ते न्यायालयात ठरतं, आणि त्याला डिवचलं नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी नगरपालिकेवर असते. चार टाक्यांनी सहसा इतकं होत नाही. त्यांच्या कुत्र्याचा परवाना आणि रेबीजची लस वेळेवर झालेली असेल, तर त्यांना घाबरायचं कारण आणखी कमी. झालेली नसेल, तर फोनमागचं खरं कारण तेच असावं, असा मला संशय आहे.

आता क्षमेचं. नाथांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणारा माणूस आणि तितक्याच वेळा शांतपणे गोदावरीत स्नान करणारे नाथ, ही गोष्ट मलाही फार प्रिय आहे. पण ते थुंकणं नाथांच्या अंगावर होतं. हात तुमच्या मुलाचा आहे. मुलाच्या दुखण्याची क्षमा आजीनं पुण्यात बसून देऊन टाकायची, ही दुसऱ्याच्या खिशातून दिलेली दक्षिणा झाली. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा, तुमच्या नको.

क्षमा रागाची असते. तुम्ही वहिनींवरचा राग सोडलात, त्यांच्याबद्दल गटात चार ओळी लिहायचं टाळलंत, मुलाला त्यांच्या घराकडे बोट दाखवून भीती घातली नाहीत, की क्षमा पुरी झाली. वैद्याचं बिल त्यानं पुसलं जात नाही, आणि ते मागितल्यानं क्षमेला डागही लागत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दाताच्या आणि शिंगाच्या जनावरांबद्दल स्पष्ट लिहिलं आहे : सोडवण्याची ताकद असून मालकानं माणसाला सोडवलं नाही तर त्याला प्रथम साहस दंड, आणि माणूस ओरडत असतानाही सोडवलं नाही तर दुप्पट. कौटिल्याचंही हेच मत. म्हणजे पाळलेल्या जनावराबद्दल मालकाला जाब विचारणं हे काही अमेरिकेत जाऊन शिकलेलं खूळ नव्हे. न्यू जर्सीचा कायदा तर त्याच्याही पुढे जातो. तुमचा मुलगा तिथे रीतसर गेला होता आणि कुत्रा चावला, एवढं पुरे. कुत्रा पूर्वी कधी चावला होता का, मालकाला त्याचा स्वभाव माहीत होता का, हे विचारलं जात नाही.

आणि भरपाई मागायची म्हणजे वहिनींच्या दारात जाऊन भांडायचं, असंही नाही. घराच्या विम्यात कुत्र्याच्या चाव्याचं दायित्व बहुधा धरलेलं असतं. काही कंपन्या ठरावीक जातींचे कुत्रे वगळतात, तेवढं त्यांना तपासू द्या. मागणी विमा कंपनीकडे जाते. तिकडच्या आपल्या लोकांना हे ठाऊक नसतं, म्हणून ‘आपल्या आपल्यात मिटवू’ म्हणत दोन्ही घरं रोख पाकिटाचा घोळ घालतात. ते पाकीट घेऊ नका. पैसे कमी पडतील म्हणून नव्हे, तर त्याच्यासोबत गप्प बसण्याची अट आहे म्हणून. तुमची आरोग्यविमा कंपनी काही दिवसांत एक फॉर्म पाठवण्याची शक्यता आहे : इजा कशी झाली, दुसऱ्या कुणाची जबाबदारी होती का. तिथे ‘भटका कुत्रा’ पुन्हा लिहिलंत, तर यजमानांचं घाईतलं वाक्य सहीनिशी केलेली फसवणूक होईल. कायमच्या मुक्कामाचा अर्ज प्रलंबित असलेल्या माणसानं भ्यायचं असेल तर त्याला भ्यावं. दावा हा दिवाणी मामला आहे. ज्याला इजा झाली त्यानं भरपाई मागितल्यानं ग्रीन कार्ड अडत नाही.

घाईही करू नका. तिथे इजेच्या दाव्याला एरवी दोन वर्षांची मुदत असते, पण अल्पवयीन मुलाची मुदत तो अठरा वर्षांचा झाल्यावर मोजायला सुरुवात होते. व्रण किती राहतो, बोटं नीट चालतात का, हे कळू द्या. मुलाच्या वतीनं तडजोड झाली तर ती न्यायाधीशासमोर मंजूर करून घ्यावी लागते. नावाला ते कोर्ट, पण काम एवढंच की आईबापांनी मुलाच्या हक्कावर भलतंच पाणी सोडलेलं नाही ना, हे पाहणं. सासूबाईंची कोर्टाची धास्ती त्यानं थोडी कमी होईल.

राहिला मुलाचा प्रश्न, ‘बाबा खोटं का बोलले?’ याचं उत्तर तुम्ही देऊ नका, यजमानांनी द्यावं. आधी डॉक्टरांना फोन करावा, मुलगा शेजारी बसलेला असताना. स्पष्टीकरण त्यानंतर.

प्रश्न : आम्ही बर्लिनमध्ये फ्लॅटमध्ये राहतो. आमची कुत्री अतिशय गरीब स्वभावाची आहे. खालच्या मजल्यावरच्या जर्मन कुटुंबातला सहा वर्षांचा मुलगा जिन्यात तिची शेपटी ओढत होता, तिनं त्याच्या पोटरीला चावा घेतला. आता ते बोलत नाहीत आणि कुत्री घालवा म्हणतात. विम्यावाले म्हणतात, काही कबूल करू नका. मला मात्र माफी मागावीशी वाटते. पण चूक तर त्या मुलाची होती. युधिष्ठिरानंही कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, मग आम्ही आमच्या मुक्या जिवाची बाजू घेतली तर चुकलं कुठे?

उत्तर : कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक मराठी घरात युधिष्ठिराचं नाव निघतं. त्यानं पणाला लावला तो स्वतःचा स्वर्ग, शेजाऱ्याच्या मुलाची पोटरी नव्हे.

कुत्री निर्दोष असेल, मला मान्य आहे. महाभारताच्या अगदी सुरुवातीलाही असाच एक निर्दोष कुत्रा आहे. जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या सरमेच्या पिल्लाला राजाचे भाऊ मारतात. त्यानं हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, त्याकडे पाहिलेलंही नसतं. सरमा जाब विचारते, तिला कुणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते आणि राजा तो निवारण्यासाठी पुरोहित शोधत हिंडतो. शेजाऱ्यांनी कुत्रीला घालवायची मागणी केली आहे, त्यात तुम्ही ठाम राहा, सरमा तुमच्या बाजूनं आहे. पण कुत्री निर्दोष म्हणून मालक मोकळा, हे गणित चुकीचं. जर्मन दिवाणी संहितेचं 833 वं कलम हौसेनं पाळलेल्या जनावराबद्दल मालकाची चूक शोधतच नाही. जनावरानं इजा केली, भरून द्या. आणि सात वर्षांखालच्या मुलाला तोच कायदा दोषी धरत नाही, तेव्हा शेपटीचा मुद्दा तिथे फार चालणार नाही. शिवाय बर्लिनमध्ये जिन्यातून कुत्रा आखूड पट्ट्यात धरूनच न्यायचा असतो. तुमच्या पत्रात पट्ट्याचा उल्लेख नाही. पट्टा होता का?

विम्यावाल्यांचं म्हणणं आणि तुमचं मन यांत भांडण नाही. ‘तुमच्या मुलाला लागलं, आम्हाला फार वाईट वाटलं, तो कसा आहे?’ एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. रक्कम बोलू नका, कागदावर काही लिहून देऊ नका, विम्याचा क्रमांक द्या. बर्लिनमध्ये कुत्र्याच्या मालकाला दायित्वाचा विमा सक्तीचा आहे, तेव्हा तो तुमच्याकडे असणारच. खालच्या मजल्यावर लाडवांचा डबा न्यायला हरकत नाही, मात्र तो विम्याच्या कागदासोबत न्या, त्याऐवजी नव्हे. आणि त्या मुलाला कुत्रीच्या कोणत्या बाजूनं जायचं, शेपटी का धरायची नाही, हे त्याच्या आईबापांच्या परवानगीनं आणि त्यांच्यासमोर एकदा दाखवा. त्यांनी नको म्हटलं तर तिथेच थांबा.

प्रश्न : नातू इंग्लंडात बर्मिंगहॅमला असतो. पुढच्या महिन्यात पुण्यात त्याची मुंज आहे. मागच्या आठवड्यात तिथे शेजाऱ्यांचा कुत्रा त्याला चावला. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध दिलं, पण रेबीजचं इंजेक्शनच दिलं नाही! शिवाय कुत्रा चावलेल्या मुलाची मुंज करतात का? काही शांत करावी लागेल का?
— काळजीत पडलेली आजी

उत्तर : आजी, डॉक्टरांनी हलगर्जी केलेली नाही. वटवाघळांचा अपवाद सोडला तर ब्रिटनमध्ये 1922 पासून तिथल्या जनावरांत रेबीज नाही. म्हणून तिथला कुत्रा चावला तर ते इंजेक्शन सहसा देत नाहीत. धनुर्वाताचं मात्र विचारून घ्या. पुण्यात आल्यावर एखादं रस्त्यावरचं पिल्लू चावलं किंवा नुसतं ओरबाडलं, तर तिथला नियम इथे लावू नका. साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना.

मुंज खुशाल करा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कुत्रा, कोल्हा, गाढव वगैरे चावल्यावर काय करायचं ते दिलं आहे, आणि ते आहे प्राणायाम. होम नाही, शांत नाही, ब्राह्मणभोजन नाही. कुणी गुरुजी यासाठी वेगळी यादी काढून देऊ लागले तर त्यांना हा अध्याय दाखवा. नातवाला मुंजीनंतर संध्येत प्राणायाम शिकायचाच आहे. आई-वडिलांनी तो बर्मिंगहॅमलाच आठवडाभर आधी शिकवायला घेतला, तर मुंजीच्या दिवशी बटू निदान तेवढं तरी न चुकता करेल.