जिवाणू वाईट असतो का?

घरातल्या एखाद्या लहान मुलाला विचारून पहा, "जंतू म्हणजे काय रे?" ते लगेच सांगेल, "ज्यांच्यामुळे आजार होतात ते." साबणाच्या जाहिरातींनी त्याला एवढेच शिकवले आहे. त्याच वेळी त्याची आजी स्वयंपाकघरात कोमट दुधाला चमचाभर विरजण लावत असते. त्या चमच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. ते दुधातील साखरेचे आम्ल बनवतात, म्हणून दही लागते, आणि त्याच आम्लामुळे दूध नासवणाऱ्या इतर जंतूंची वाढ रोखली जाते. एकाच घरात जंतूंना घालवण्याची धडपड चालते आणि जंतूंना जपून उद्यासाठी राखूनही ठेवले जाते.

मग जिवाणू चांगला की वाईट? हा प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही. माणसांकडेही आपण याच नजरेने पाहतो. एकदा नाव ठेवले की विचार संपला. म्हणून या सूक्ष्म जगाकडे थोडे निरखून पाहूया.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी लेव्हेनहुक यांनी 1683 मध्ये स्वतःच्या दातांवरचा मळ आपल्या भिंगाखाली ठेवला. त्यांना त्यात असंख्य जीव हालताना दिसले. आपल्या देशात जितकी माणसे आहेत त्याहून अधिक जीव आपल्या तोंडात आहेत, असे त्यांनी आश्चर्याने लिहून कळवले. आज शास्त्रज्ञांचा अंदाज असा आहे की माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी, तर जिवाणू सुमारे 38 लाख कोटी असतात. 'मी' असे आपण ज्याला म्हणतो, तो एकटा कधीच नसतो.

आता यांपैकी एकाचे उदाहरण घ्या. ई. कोलाय नावाचा जिवाणू आपल्या आतड्यात राहतो. त्याच्या बहुतेक जाती तेथे काहीही त्रास देत नाहीत, उलट रक्त गोठण्यासाठी लागणारे के जीवनसत्त्व तयार करतात. तोच जिवाणू मूत्रमार्गात शिरला की जळजळ आणि ताप येतो, रक्तात शिरला तर जिवावर बेतते. जिवाणूचा स्वभाव बदलला का? नाही. अन्न मिळवायचे आणि एकाचे दोन व्हायचे, एवढेच तो दोन्हीकडे करतो. बदलली ती जागा. मर्यादेत होता तोवर तो सोबती होता, मर्यादा ओलांडली आणि तो शत्रू ठरला.

विषाणूच्या तर नावातच आपण निकाल देऊन ठेवला आहे: विषाचा अणू. तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. सजीव पेशीत शिरल्याशिवाय त्याला आपल्यासारखा दुसरा निर्माण करता येत नाही. 1935 मध्ये वेंडेल स्टॅन्ले यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे मिठासारखे स्फटिक बनवले. ते स्फटिक पानावर गेले की पुन्हा रोग पसरवत. याला सजीव म्हणावे की निर्जीव, यावर अजून एकमत नाही. तरीही आपल्या जनुकीय वारशाचा सुमारे 8 टक्के भाग प्राचीन विषाणूंकडून आलेला आहे. आई आणि गर्भ यांना जोडणारी वार तयार होण्यासाठी जे एक प्रथिन लागते, त्याचे जनुकही मुळात विषाणूचेच. आपल्या जन्माच्या वाटेवरही त्या 'विषा'चे ऋण आहे.

आपण पाडलेले कप्पे किती तात्पुरते असतात, हे जीवसृष्टीच्या वर्गीकरणातही दिसते. लिनियसने 1735 मध्ये सजीवांचे वनस्पती आणि प्राणी असे दोनच भाग मानले. 1969 मध्ये व्हिटेकर यांनी पाच सृष्टी मांडल्या. 1990 मध्ये कार्ल वूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन महाविभाग सुचवले. त्यांतील दोन पूर्णपणे सूक्ष्मजीवांचे आहेत. उरलेल्या एकात वड, हत्ती, भूछत्र आणि माणूस असे सारे एकत्र बसले आहेत. निसर्ग होता तसाच होता. बदलत गेली ती आपली समज.

येथे कोणी विचारेल, मग कॉलऱ्याच्या जिवाणूलाही सोबती म्हणायचे काय? मुळीच नाही. समदृष्टी म्हणजे आंधळेपणा नव्हे. देवीचा रोग लसीकरणाने जगातून हद्दपार झाला आणि 1980 मध्ये तशी घोषणा झाली. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. हे काम करुणेचेच होते. ते द्वेषाने झाले नाही. रोग नेमका कशाने होतो, कोठून पसरतो, कोणाला वाचवायचे आहे, हे शांतपणे समजून घेतल्यामुळे झाले. रोखायचे त्याला रोखावेच, पण ओळखून.

न ओळखता केलेला प्रहार कोठे जातो, ते पहा. सर्दी बहुधा विषाणूमुळे होते. प्रतिजैविक औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. तरीही दोन शिंका आल्या की आपण दुकानातून गोळ्या आणतो, बरे वाटले की उरलेल्या डब्यात टाकतो. त्या गोळ्या सर्दीला काही करत नाहीत, मात्र आतड्यातील निरपराध सोबत्यांना मारतात. जे जिवाणू त्यातूनही वाचतात, ते औषधाला दाद न देणारे असतात. तेच वाढतात आणि ही ताकद इतर जिवाणूंनाही देतात. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात हाच धोका सांगितला होता: एकाने केलेली हयगय दुसऱ्याच्या मृत्यूला कारण होऊ शकते. माझे शरीर, माझे पैसे, माझी गोळी, असे आपण म्हणतो. पण उद्या शेजारच्या बाळाला न्यूमोनिया झाला आणि औषध लागू पडले नाही, तर त्यात आपला वाटा नाही, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल का?

जिवाणूचा आणि आपला खरा फरक येथे आहे. आपण कोणत्या जागी आहोत, आपल्यामुळे पोषण होते आहे की नाश, हे जिवाणूला कळत नाही. त्याला निवड नाही, म्हणून त्याला पापही नाही. आपल्याला मात्र कळते. ज्या घराने, समाजाने आणि धरतीने आपल्याला पोटात घेतले, त्यांच्यासाठी आपण विरजण आहोत की विकार, हे आपल्या वागण्यावर ठरते. तोच माणूस, तीच बुद्धी, तोच पैसा, तेच बोलणे. मर्यादेत असले तर दही लागते, मर्यादा सुटली तर नासते.

म्हणून आजपासून दोन लहान नियम करून पहा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रतिजैविक घेऊ नका आणि त्यांना न विचारता मध्येच सोडूही नका. दुसरा नियम मनासाठी. कोणाला 'वाईट' म्हणण्याचा मोह झाला, तर क्षणभर थांबा आणि विचारा, हा मनुष्य वाईट आहे, की चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी अडकला आहे? आणि त्याच श्वासात स्वतःलाही विचारा, मी जेथे आहे तेथे माझ्यामुळे काय वाढते आहे?

उद्या सकाळी दह्याचे भांडे उघडाल तेव्हा हा प्रश्न आठवला, तरी पुष्कळ झाले.