बुडीत पुस्तके

आमच्या बँकेत बुडीत कर्जे, तर शेजारच्या ग्रंथपालांच्या कॉलेजात बुडीत पुस्तके! पेपरात कर्जबुडव्याची बातमी आली की ते म्हणतात, “तुमचा पळतो विमानाने, माझा वसतिगृहाच्या जिन्याने!”

“मग कपाटांना कुलपं ठोका की!”

“अहो, रंगनाथनांनी १९३१ सालीच बजावलंय, पुस्तकं वापरासाठी असतात. कुलपातलं पुस्तक वाचतं, पण ते कोणी वाचत नाही!”

खरे आहे. पण न परतलेले पुस्तक ग्रंथालयाचे जात नाही, रांगेतल्या पुढच्या पोराचे जाते. म्हणून दंड हवा, कुलूप नको. थोडी बुडीत खाती सोसावीत. तिजोरी भरलेली आणि बँक बंद, यात तरी कसला आलाय नफा?